उसना हात

सन्मती डोळे मिटून पडला होता. खांद्यावर हात पडला तसा तो मान न वळवता म्हणाला, "शैला, आज लवकर सुटलीस?"

शैलजा दारातच होती. एक चप्पल काढून झाली होती, दुसरी अजून पायात होती. हात तिचा नव्हता. पलंगाशी एस्तेर उभी होती आणि सन्मतीची कूस बदलायच्या तयारीत होती.

"सर, मी आहे," एस्तेर म्हणाली. "मॅडम आत्ताच आल्यात, दारात आहेत."

सन्मतीने डोळे उघडून दोघींकडे पाहिलं. "फसलो की," तो म्हणाला. "अगदी हुबेहूब."

शैलजा हसली. हसणं भागच होतं, कारण एस्तेरच्या बोटांत तो हात घातला होता तिनंच. स्वयंपाकघरात जाऊन तिनं चहाचं आधण ठेवलं, आणि पाणी उकळून आटायला लागलं तरी साखर टाकायचं तिला सुचलं नाही.

शैलजा बिरनाळे मिरजेच्या एका मोठ्या रुग्णालयात परिचारिकांना शिकवायची. तिचा विषय एकच, बेडसोर. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला होणाऱ्या जखमा वेळेत कशा ओळखायच्या आणि कुठवर गेल्यात हे कसं ठरवायचं. ऐकायला साधा विषय, पण त्यातच माणसं जातात. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेंगरतं. बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही, आणि मांस हाडाच्या बाजूनं मरायला लागतं. कातडीवर ते येतं सगळ्यात शेवटी. डोळ्यांना दिसेपर्यंत आत खड्डा झालेला असतो.

पुस्तकं सांगायची, लाल चट्टा शोधा. बोटानं दाबा, सोडा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक, लालच राहिला तर जखम सुरू झाली. पण ती पुस्तकं गोऱ्या कातडीवर लिहिलेली होती. सावळ्या पाठीवर लाली दिसतच नाही. कॅमेरेही तिथं चकायचे, आणि दाब मोजणाऱ्या नव्या गाद्या दाब कुठं पडतोय एवढंच सांगायच्या, मांस जगलंय की नाही हे नाही. तिथं बोटांनीच शोधावं लागायचं. शेजारच्या भागापेक्षा ऊन लागतंय का, गार लागतंय का, कडक आहे की पिलपिलीत. शैलजाची बोटं यात इतकी तयार होती की डॉक्टरही तिला बोलावून घ्यायचे.

म्हणूनच 'करपाठ' बनवणाऱ्या इंजिनिअरांनी तिला निवडलं होतं. करपाठ म्हणजे एक हातमोजा, शस्त्रक्रियेच्या मोज्याइतका पातळ. त्याच्या बोटांच्या टोकांत दाब, ऊब, ओल आणि मांसाचा लवचिकपणा मोजणारे धागे होते. बाकीच्या बोटभर दुसरे धागे होते, विजेवर आखडणारे. शैलजानं तो घालून वर्षभर पेशंट तपासले आणि मोज्यानं सगळं टिपून घेतलं. मग तसाच मोजा शिकणाऱ्या मुलीच्या हातात चढायचा. तिच्या बोटाखाली जे लागतंय ते, आणि कधीकाळी शैलजाच्या बोटाखाली जे लागलं होतं ते, मोजा ताडून बघायचा. जिथं शैलजा थांबली असती तिथं मुलीचं बोट हलकेच थांबायचं. आवाज नाही, दिवा नाही. दिवा लावला की मुली दिव्याकडे बघत बसतात, पेशंटकडे नाही. काही महिने असं झालं की बोटांना सवय लागायची आणि मोजा काढला तरी हात तसाच चालायचा.

एक गोष्ट मात्र कुणी ठरवलेली नव्हती. मोज्यानं शैलजाचा अख्खा हात टिपला होता, तपासणीत न मोडणाऱ्या लकबींसकट. कूस बदलायच्या आधी ती पेशंटच्या खांद्यामागे तळवा ठेवायची, अंगठा एकदा मानेकडे फिरवायची आणि त्याचा श्वास सैल होईपर्यंत थांबायची. इंजिनिअरांनी तेवढा भाग काढून पाहिला, तर पेशंट अंग आखडायला लागले आणि मोज्याचा अंदाज बिघडला. मग तो भाग राहू दिला. आता राज्यभरच्या वॉर्डांत शेकडो मुली पेशंटच्या खांद्यावर शैलजासारखा हात ठेवत होत्या.

सुरुवातीला तिला याचा अभिमान होता. कुठल्याशा गावच्या कार्यक्रमात अशाच एका वॉर्डातून बऱ्या होऊन गेलेल्या म्हाताऱ्या बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "हाच की तो." त्या दोघींची आधी भेटच झालेली नव्हती. घरी येऊन तिनं हे सन्मतीला सांगितलं तेव्हा दोघं खूप हसले होते. सन्मती तेव्हा चालत होता.

तो शाळेत चित्रकला शिकवायचा. शाळेच्या भिंतीवर चित्र काढताना परांचीवरून पडला आणि छातीखालचं सगळं अंग गेलं. हात शाबूत राहिले. पलंगावर बसून तो अजूनही मुलांना पडद्यावरून चित्रं शिकवायचा. बाकी सगळं शैलजाकडे आलं. सकाळी त्याचं आवरणं, रुग्णालय, वर्ग, करपाठसाठीचे दौरे, परत आल्यावर पुन्हा त्याचं आवरणं. त्याला एकही जखम होऊ द्यायची नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि होऊ दिली नव्हती. दौरे वाढले तेव्हा दुपारपुरतं कुणीतरी हवं होतं. एस्तेर लोंढे तिच्या सगळ्या विद्यार्थिनींत हुशार, राहायची पण जवळच, मिशनच्या आवारातल्या वसतिगृहात. शैलजानं स्वतः तिला विचारलं होतं.

सन्मती फसला त्या दुपारनंतर शैलजा बघायला लागली.

ती दौऱ्याहून मुद्दाम लवकर यायची आणि दारातल्या पडद्याआडून बघायची. एस्तेर तळवा ठेवायची, अंगठा फिरायचा. सन्मतीचे खांदे खाली यायचे. मग तो काहीतरी बोलायचा, शाळेतल्या मुलांचं, रंगांचं, आणि एस्तेर हसून उत्तर द्यायची. शैलजाशी तो इतकं बोलायचा नाही. तिनं एकदा त्या दृष्टीनं स्वतःकडे पाहिलं. ती एका हातानं त्याचा खांदा धरायची, दुसऱ्यानं मांडी, आणि एका झटक्यात वळवायची. चादर ताणायची, पाठ बघायची, टाचा बघायच्या, पोटरीखाली उशी सरकवायची. चूक काहीच नव्हती. थांबायला वेळ नव्हता इतकंच.

एकदा तिला त्याच्या उशाशी एक चित्र सापडलं. पेन्सिलनं काढलेला हात, एका खांद्यावर टेकलेला.

"कुणाचा हो हा?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तुझा."

तिनं चित्र खिडकीकडे धरलं. ठेवण तिच्या हाताची होती, पण बोटं लांब आणि निमुळती होती. तिची बोटं आखूड होती, सांधे जाड.

"माझी बोटं अशी आहेत होय?"

सन्मतीनं चित्राकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे. "लक्ष नव्हतं माझं," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. तो आणखी काही बोलला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. चित्र तिनं जागच्या जागी ठेवलं, आणि पुढे किती तरी दिवस भाजी चिरताना, बसमध्ये, वर्गात शिकवताना ती लांब निमुळती बोटं तिच्या डोळ्यांपुढून हलली नाहीत.

त्या आठवड्यात पुरुषांच्या वॉर्डात प्रात्यक्षिक होतं. पेशंट एक म्हातारे पैलवान होते, काळेसावळे, अजूनही अंगानं भरलेले. मुली पलंगाभोवती उभ्या होत्या. शैलजानं एस्तेरला पुढे बोलावलं.

एस्तेरनं मोजा घातला नाही. तिला आता त्याची गरज पडत नव्हती. तिनं पैलवानांच्या खांद्यामागे तळवा ठेवला, थांबली, मग त्यांना कुशीवर घेऊन बोटं कमरेखाली फिरवली. "खुब्याच्या हाडावर ऊन लागतंय, मॅडम," ती म्हणाली. "शेजारी नाही. वरून काही दिसत नाही, पण सुरुवात आहे."

शैलजानं हात लावून पाहिलं. बरोबर होतं.

"शोधलंस ते ठीक," ती म्हणाली. "पण खांद्यावर हात ठेवून किती वेळ उभी राहणार? वॉर्डात तू एकटी असशील आणि पेशंट ढीगभर. आपल्याला तपासायचं असतं, लाड करायचे नसतात."

एस्तेर गोंधळली. "पण मॅडम, तुम्हीच ठेवता ना एवढा वेळ. मोजा तेवढाच थांबतो."

कुणीतरी मागे हसलं आणि लगेच गप्प झालं. पैलवान तेवढ्यात म्हणाले, "ठेवू दे की बाई. बरं वाटतंय."

"पुढची," शैलजा म्हणाली.

डिसेंबरात सन्मतीच्या शाळेनं त्याला चित्रस्पर्धेच्या बक्षिसांसाठी बोलावलं. फार दिवसांनी तो बाहेर निघाला. त्यानं नवे बूट घालायचा हट्ट धरला आणि शैलजानं ते घातले. समारंभ लांबला. दुपारभर तो चाकाच्या खुर्चीत बसून राहिला, मुलांच्या गराड्यात, पाय खालच्या पट्टीवर घट्ट टेकलेले. परत आला तो खुशीत.

दुसऱ्या दिवशी शैलजा रुग्णालयातून आली तेव्हा एस्तेर तिची वाट बघत थांबली होती.

"मॅडम, सरांची डावी टाच जरा बघता? मागच्या बाजूला काहीतरी वेगळं लागतंय. उजव्या टाचेपेक्षा गार आहे, आणि आत पिलपिलीत."

"रंग?"

"रंगात काही नाही. म्हणून तर तुम्हाला थांबले."

सन्मती पलंगावरून म्हणाला, "बुटांचं असेल. तिनं दोनदा बघितलं, शैला. मी म्हटलं, आल्यावर तू बघशीलच."

तिनं दोनदा बघितलं. शैलजाला त्या दोन शब्दांचाच राग आला. तिनं पर्स खाली ठेवली, हात धुतले आणि सन्मतीची टाच हातात घेतली. एस्तेर शेजारी उभी होती, इतकी जवळ की तिच्या अंगाचा साबणाचा वास येत होता. शैलजानं अंगठा टाचेमागे दाबला. एका जागी बोट थबकलं. क्षणभरच. दुसऱ्यांदा दाबलं असतं तर तिला नक्की कळलं असतं. तिनं दुसऱ्यांदा दाबलं नाही.

"काही नाहीये," ती म्हणाली. "थंडी आहे, पाय गारच असणार. पायात मोजे घाला म्हणजे झालं."

"मॅडम, एकदा करपाठ घालून बघू का? माझ्याजवळ आहे."

"माझा हात माझ्याच हातानं तपासायचा?" शैलजाचा आवाज चढला नव्हता, पण एस्तेर मागे सरकली. "हे बघ एस्तेर, मोजा तयार झाला त्यात मी होते. कुठं थांबायचं ते मी ठरवलंय. तुला हल्ली सगळीकडेच काहीतरी लागतंय. आणि परीक्षा पण जवळ आलीय तुझी. उद्यापासून इकडं नको येऊस, अभ्यास कर. मी बघते काय ते."

एस्तेरनं सन्मतीकडे पाहिलं. सन्मती खिडकीकडे बघत होता. तिनं आपली पिशवी उचलली आणि "येते मॅडम" म्हणून गेली.

शैलजानं कपाटातून लोकरीचे मोजे काढले आणि त्याच्या पायांत चढवले. त्या संध्याकाळी तिनं पुरणपोळ्या केल्या. सन्मतीला आवडतात म्हणून. त्यानं अर्धी खाल्ली.

नंतरचे दोन-तीन दिवस तिनं त्याची पाठ रोज पाहिली, माकडहाड पाहिलं, कोपरं पाहिली. पायांवरचे मोजे ती वरूनच नीट करायची. टाचेवर काही नाही असं एकदा तिच्या तोंडून गेलेलं होतं, आणि मोजा काढून बघणं म्हणजे एस्तेरचं म्हणणं खरं असू शकतं हे कबूल करणं. हे ती स्वतःशीही असं स्पष्ट म्हणाली नाही. फक्त तिचा हात घोट्याशी आला की दुसरीकडे वळायचा.

मग एका सकाळी सन्मतीला ताप भरला. सर्दी नाही, खोकला नाही. शैलजा पलंगाच्या पायथ्याशी गेली आणि तिनं डावा मोजा ओढला. तो टाचेला चिकटला होता. खाली जांभळ्या-काळ्या रंगाचा फोड होता, लिंबाएवढा, फुटलेला, आणि त्याच्या कडेनं पायाचं मांस सुजून ताठ झालं होतं. वर्गात ती ज्याचं चित्र दाखवून "इथवर येऊ द्यायचं नाही" म्हणायची, ते.

"काय झालं?" सन्मतीनं विचारलं. त्याला काहीच जाणवत नव्हतं.

"टाच," ती म्हणाली, आणि रुग्णालयाची गाडी बोलवायला फोन उचलला.

सर्जननी मेलेलं मांस काढलं. हाडापर्यंत पोचलं होतं. हाडही थोडं खरवडावं लागलं. पाय ठेवता येईल की नाही हे काही दिवस सांगता येत नव्हतं. सर्जन तिला ओळखत होते, म्हणून काही विचारत नव्हते, आणि ते न विचारणं तिला सोसवत नव्हतं. शेवटी तिनंच सांगितलं, मला आधी सांगितलं गेलं होतं, मी नाही म्हटलं. ते ऐकून घेऊन ते म्हणाले, "तेव्हाच टाच अधांतरी ठेवली असती तर बहुधा निभावलं असतं." एवढंच बोलून ते पुढच्या पेशंटकडे गेले.

ताप उतरला त्या दुपारी सन्मती तिला म्हणाला, "खुर्ची जवळ घे."

तिनं घेतली.

"एस्तेरला तू का काढलंस ते मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मला ते आवडत होतं. तिनं हात ठेवला की मला बरं वाटायचं, आणि तू दारातून बघतेस हेही मला माहीत होतं. ती पोर मला लेकीसारखी. तसलं काही नव्हतं, शैला."

"तसलं काही नव्हतं ते मलाही माहीत होतं. असतं तर भांडता तरी आलं असतं."

सन्मतीनं नजर तिच्या हातांकडे वळवली. "तो हात तुझाच होता. पण मोजा बनला तेव्हाचा. मी पडायच्या आधीचा. तेव्हा तू मागून येऊन असाच हात ठेवायचीस, मी चित्र काढत असलो की. आता तू मला उचलतेस. उचलशील नाही तर काय करशील. मी तक्रार करत नाही. पण डोळे मिटले की मला तेवढा वेळ वाटायचं, मी चालतोय."

एस्तेरचा तिनं इतके दिवस हेवा केला होता. आता तिच्यासमोर दुसरीच बाई उभी राहिली, मोज्याच्या धाग्यांत कायमची राहिलेली, जिच्याकडे वेळ होता आणि जिचा नवरा चालत होता. त्या बाईचा हेवा एस्तेरच्या हेव्याहून जास्त बोचला, कारण तिला घरातून काढता येणार नव्हतं.

"आणि टाच माझी होती," सन्मती म्हणाला. "मी तरी म्हणायला हवं होतं, परत बघ. मी खिडकीकडे बघत बसलो."

एस्तेर तिला बायकांच्या वॉर्डात भेटली. ती औषधांची ट्रॉली लावत होती. शैलजाला बघून तिनं हात थांबवले नाहीत.

"सरांचं कळलं मला," ती म्हणाली. "पाय राहील ना?"

"राहील म्हणतात." शैलजानं मनाशी जुळवलेली वाक्यं ऐन वेळी सुटून गेली. "तू सांगितलंस ते बरोबर होतं. माझ्याही बोटाला लागलं होतं, एस्तेर. मी ते कबूल केलं नाही."

एस्तेरनं ट्रॉलीचा कप्पा बंद केला. "लागलं होतं तुम्हाला?"

"हो."

"मला वाटलं माझंच चुकलं." तिचा चेहरा तांबूस झाला होता. "एवढ्या मोठ्या मॅडम नाही म्हणतात म्हटल्यावर माझंच चुकलं असणार. नंतर मला एका आजींच्या पाठीवर काहीतरी लागलं आणि मी बोललेच नाही कुणाला. म्हटलं, मला सगळीकडेच काहीतरी लागतंय. त्यांची कातडी सुटली, मॅडम. थोडक्यात आवरलं, पण सुटली."

शैलजाला हे माहीत नव्हतं.

"आणि अजून एक सांगते," एस्तेर म्हणाली. आता तिला थांबायचं नव्हतं. "तुम्हाला वाटतं मी तुमचं काही नेलं. मला काय मिळालं? पेशंटला बरं वाटलं की ते म्हणतात, बिरनाळे मॅडमचा हात. डॉक्टर पण तेच म्हणतात. सरसुद्धा डोळे मिटून तुमचंच नाव घ्यायचे. माझ्या आईला बरं नव्हतं तेव्हा मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो पण तुमच्यासारखाच पडला. मला रडू आलं. माझा हात कसा होता ते मला आता आठवत पण नाही."

वॉर्डात कुणीतरी "सिस्टर" म्हणून हाक मारली. एस्तेर डोळे पुसून वळली.

"परत येशील घरी?" शैलजानं विचारलं. सन्मतीनं विचारायला सांगितलं होतं.

"घरी नाही येणार, मॅडम," एस्तेर म्हणाली. "इथं माझी ड्यूटी असेल तेव्हा सरांना बघीन."

पुढच्या वर्गात शैलजानं पडद्यावर एका टाचेचा फोटो लावला. मुली नेहमीसारख्या वह्या उघडून बसल्या. ही जखम कुठवर गेलीय, तिनं विचारलं. हाडापर्यंत, त्या म्हणाल्या. मग आदल्या दिवसांत बोटाला काय लागलं असतं? गार, पिलपिलीत. रंग? रंग दिसला नसता.

"बरोबर," शैलजा म्हणाली. "ही माझ्या नवऱ्याची टाच आहे."

तिनं सगळं क्रमानं सांगितलं. समारंभ, बूट, एस्तेरनं काय सांगितलं, स्वतः काय केलं. का केलं हेही सांगितलं, एका वाक्यात, मला तिचा हेवा वाटत होता. ते वाक्य म्हणताना तिनं एस्तेरकडे पाहिलं नाही. "बोटाला लागलेलं बोलायला तुम्ही कुणाला भिणार असाल," ती पुढे म्हणाली, "तर बोटं तयार करून उपयोग नाही. मी नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणाला बोलवा. तिनं नाही म्हटलं तर तिसरीला. माझ्या नावाला थांबू नका."

करपाठच्या लोकांना तिनं कळवलं की शिकणाऱ्या मुलीची बोटं तयार झाली की मोज्यानं तिचाही हात टिपून घ्यावा, आणि शैलजाच्या हाताशी तो जुळला नाही तर चूक न धरता दुसऱ्या माणसाकडून खात्री करून घ्यावी. त्यांनी विचार करू म्हटलं. नव्या मोज्यासाठी त्यांना तिचा आत्ताचा हात टिपायचा होता, त्याला तिनं नकार दिला, पुन्हा माझाच हात नको म्हणून.

सन्मतीला रुग्णालयातून सोडायच्या सुमाराला एस्तेरची ड्यूटी त्या वॉर्डात लागली. दुपारची वेळ होती, पडदे ओढलेले होते. शैलजा डबा घेऊन आली तेव्हा एस्तेर सन्मतीला कुशीवर घेऊन त्याची पाठ तपासत होती. शैलजा बाहेर थांबली नाही. आत गेली आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली.

"काही आहे?" तिनं विचारलं.

"माकडहाडाच्या वर," एस्तेर म्हणाली. "मला वाटतंय. खात्री नाही."

शैलजानं हात धुतले, पुसले, बोटं टेकवली. ताण नाही, ऊब नाही. तिनं पुन्हा दाबलं.

"मला नाही लागत."

"तिथं नाही, मॅडम." एस्तेरनं तिचं बोट धरलं आणि सरकवलं. "जरा खाली. डावीकडं. हळू दाबा, तुम्ही जोरात दाबता हल्ली."

सन्मतीचा श्वास संथ चालला होता. तो जागा होता. शैलजानं दाब कमी केला. थोडा वेळ काहीच नव्हतं, मग बोटाखाली, खोल, शेजारच्यापेक्षा किंचित जास्त ऊब लागली. एस्तेरच्या बोटांना ती आधी कळली होती. शैलजाला पुन्हा तोच हेवा वाटला, ओळखीचा, आणि तिनं तो वाटू दिला. बोट उचललं नाही.

"आहे," ती म्हणाली.

दोघींनी मिळून सन्मतीला दुसऱ्या कुशीवर घेतलं.